रश्शात दोनदा पडलेलं मीठ

सहाशे पोरांचा रस्सा खारट झाला, म्हणून चार माणसं टेबलाभोवती चौकशीला बसली. त्या चौघांपैकी एकानं तरी जन्मात सहाशे जणांचा सोडा, सहा जणांचा रस्सा केला असेल की नाही, देव जाणे. पण चौकशी करायला रस्सा यावा लागत नाही, बुडाखाली खुर्ची असली की झालं. असो. चौकशीपर्यंत आपण येऊच. आधी थोरलीची ओळख करून घ्या, कारण त्या चौघांनी ती कधी करून घेतली नाही.

थोरली म्हणजे थोरली जाऊ. तिची धाकटी जाऊही त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, त्यामुळे घरी काय आणि कामावर काय, दोघींना सगळे थोरली आणि धाकटी असंच म्हणत. राहायच्याही एकाच मजल्यावर, दाराला दार लावून. नवरे सख्खे भाऊ, एक रंगारी आणि एक टेम्पोवाला, आणि त्या दोघांचं महिन्यातून चार दिवस पटायचं. जावांचं मात्र रोज पटायचं. शेजारणींना हे बघवायचं नाही. "जावा म्हटलं की हेवादावा आलाच," त्या म्हणायच्या, "या दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय."

शाळेतली पोरं थोरलीला ‘अजूनकाकू’ म्हणायची. ताटात डावभर वाढलं की ती पोराच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "अजून?" पोरगं नको म्हणालं तरी त्याचे डोळे काय म्हणतायत ते तिला कळायचं. कोण गाजर बाजूला काढतं, कोण घरून उपाशी येतं, कोणाला पाव बुडवायला नुसता रस्सा हवा असतो, सगळं पाठ. सहाशे पोरांतली निदान चारशे ती तोंडावरून ओळखायची. शाळेतल्या एकाही मास्तराला एवढी पोरं ओळखता आली नसती, पैज लावा.

स्वयंपाकघर तळघरात. खिडक्या जमिनीला लागून, त्यांतून बाहेरच्यांचे फक्त बूट दिसायचे. आत चार मोठ्या शेगड्या, कमरेएवढी पातेली, पायाखाली कायम ओली फरशी. सुरुवातीला तिथे पाच बायका होत्या. आता पाच बायका आणि एक पातेलं म्हटलं की प्रत्येकीला वाटतं, मीठ घालायचं राहिलंय. यावर जावांनीच तोड काढली होती. घरी एकदा पाहुणे आले असताना दोघींनी आपापल्या परीनं भाजीत मीठ घातलं होतं, आणि सासऱ्यांनी चकार शब्द न काढता जेवताना सात पेले पाणी रिचवलं होतं. तेव्हापासून घरात नियम झाला आणि तोच दोघींनी शाळेत आणला. जी मीठ घालेल तिनं मोठ्यानं ओरडायचं, "मीठ पडलं!" बाकीच्यांनी हातातलं काम न सोडता ओरडायचं, "पडलं!" उत्तर आलं नाही तर बरणी खाली ठेवायची नाही. वरच्या वर्गातली पोरंसुद्धा कधी कधी बाकावरून ओरडायची, "पडलं!" आणि वर मास्तर, खाली बायका, सगळेच हसायचे.

अकरा वर्षांत रस्सा एकदाही खारट झाला नाही की अळणी झाला नाही.

मग ठेका आला. शाळेनं स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं, ठेकेदारानं एक सुपरवायझर पाठवला. पोरगा तसा गोड बोलायचा. सगळ्यांना मावशी म्हणायचा. गोड बोलून त्यानं आधी पाचाच्या चार केल्या, मग तीन, मग दोन. पोरं सहाशेच्या सहाशे. दोघींवर पाचजणींचं काम टाकलं आणि त्याला नाव दिलं सुधारणा! माल वर न्यायची लिफ्ट बिघडली, ती दुरुस्त करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पातेली तर वर पोचतच होती. दोघी दोन कड्या धरून चौदा पायऱ्या चढत होत्या, मग लिफ्टची गरज काय? बसायला दोन बाकडी होती, तीही उचलून नेली. म्हणे कामाच्या जागी बाकडी बरी दिसत नाहीत.

जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची होती, ती वीस झाली. वीस मिनिटांत सहाशे ताटं वाढायची म्हणजे तोंड बघायला वेळ कुठला? त्यात ठरावीक मापाचा डाव आला. "मावशी, अजून विचारत जाऊ नका," सुपरवायझर म्हणाला, "विचारलं की पोरं हो म्हणतात." अरे, हो म्हणावं म्हणूनच तर विचारतात! पण हे कोणाला सांगणार? थोरलीनं विचारणं बंद केलं. मग तोंडाकडे बघणंही बंद केलं. विचारायचंच नाही तर बघून जीव कशाला जाळायचा? ताट यायचं, डाव पडायचा, ताट जायचं. नवी पोरं आली, त्यांना ती नुसती वाढणारी बाई होती.

मध्येच एकदा सुपरवायझर एक छापील कागद घेऊन आला. त्यावर पाच तोंडं काढलेली, एक दात काढून हसणारं, एक धाय मोकलून रडणारं, बाकीची मधली. "तुम्हाला कामात किती आनंद मिळतो, त्या तोंडावर खूण करा." थोरलीच्या दोन्ही हातांना बटाट्याचा चिकट लागलेला. हसरं तोंड कागदाच्या अलीकडच्या कोपऱ्यात होतं, तेवढ्यापर्यंतच हात पोचत होता, तिनं त्याच्यावर खूण केली. पुढच्या महिन्यात भिंतीवर लागलं की इथले शंभर टक्के कर्मचारी समाधानी आहेत. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, निदान एक तरी तोंड वाकडं करायचं होतं." दोघी हसल्या. तेव्हा अजून हसू यायचं.

शेवटी ओरडण्यावर गदा आली. वरच्या वर्गात कॉम्प्युटर आले, तिथे परीक्षा व्हायला लागल्या आणि खालून आवाज येतो अशी तक्रार गेली. मिठाच्या आरोळीच्या जागी भिंतीवर एक तक्ता आला. तेल घातलं, खूण. मीठ घातलं, खूण. दोरीला पेन बांधलेलं. आता ओल्या हातांनी, हातमोजे चढवून, वाफेत सादळलेल्या कागदावर दर पाच मिनिटांनी कोण खुणा करत बसणार? सकाळी आल्या आल्या दोघींतली एक सगळ्या रकान्यांवर एकदम खुणा करून टाकायची. पाणी तापायच्या आधीच तक्त्यावर रस्सा शिजून तयार! सुपरवायझर तक्त्याचा फोटो काढून पाठवायचा आणि वरून शाबासकी यायची. मिठाचं त्या दोघी एकमेकींच्या कानाशी जाऊन पुटपुटत. कधी पुटपुटत, कधी नुसती मान हलवत, कधी तेही राहून जायचं आणि नशिबानं निभावून जायचं.

एव्हाना थोरलीचा उजवा खांदा गेला होता. पातेली उचलून उचलून आतली शीर फाटली, डॉक्टरनं सांगितलं. ऑपरेशन करा, तीन महिने हात गळ्यात बांधून घरी बसा, नाहीतर हा हात खांद्याच्या वर कधी जायचा नाही. तीन महिने! ठेक्यावरची बाई तीन दिवस घरी बसली तर चौथ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. थोरली गोळी घ्यायची आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून शेल्फपर्यंत न्यायची. केस विंचरायला धाकटी यायची सकाळी, तिथपर्यंत गोष्ट गेली होती.

एकच आशा होती. शाळेच्या स्वतःच्या पटावर स्वयंपाकिणीची एक कायम जागा होती, आणि जुनी स्वयंपाकीण निवृत्त झाल्यापासून ती रिकामी पडलेली. कायम बाईला आजारपणाची रजा मिळते, पगारी. परत आली की जागा तिचीच. थोरलीचा नंबर पहिला लागत होता. अट एवढीच, की वर्षभर फाईलला एकही वाईट शेरा नको. अकरा महिने निघाले होते. शाळेच्या समितीची माणसं येऊन जेवण चाखून जाणार, मग नेमणुकीचं पत्र मिळणार. थोरलीनं त्या पत्रावर आपला खांदा, आपलं म्हातारपण, सगळं टांगून ठेवलं होतं.

"पत्र आलं की पहिली ऑपरेशनची तारीख घ्यायची," धाकटी म्हणायची. "तीन महिने मी एकटी ओढते. तुम्ही नुसतं ऐसपैस झोपायचं."

समितीच्या दिवशी सुपरवायझर सकाळपासून दारात उभा. "मावशी, आज बोलणं अगदी बंद." दोघी मुक्यानं कामाला लागल्या. धाकटी नळाशी बटाटे सोलत बसली, मग ताटं मांडायला वर गेली, मग खाली, मग पुन्हा वर. थोरली शेगडीपाशी. तिनं रश्शात मीठ घातलं. भात वेळला. गोळी घेतली. अंडी उकडत टाकली, पाव मोजून टोपल्यांत भरले. मधल्या वेळात तिनं काय काय केलं म्हणून विचाराल तर तिला सांगता आलं नसतं. हात चालत होते. कालही चालले होते, परवाही, आणि तिच्या डोक्यात कालचा, परवाचा आणि आजचा एकच दिवस झाला होता.

रस्सा तिनं चाखला नाही. नियम होताच, तोंडावरचा मास्क काढायचा नाही. पण नियमाचं नाव कशाला घ्या? पूर्वी ती तळहातावर थेंब घेऊन हटकून चाखायची, कोणी नको म्हटलं तर त्यालाच दोन सुनवायची. आता कित्येक महिन्यांत तिला चाखावंसं वाटलंच नव्हतं. शिजलं, गेलं, संपलं.

पहिली तीस-चाळीस ताटं गेली. मग एक चष्मेवाली पोरगी ताट घेऊन परत आली. "काकू, हे खूप खारट आहे." थोरलीनं वर बघितलं. मागच्या बाकांवर पोरं जीभ बाहेर काढून पाण्यासाठी धावत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर समितीतले एक गृहस्थ रुमालात तोंड घालून खोकत होते. मेले आता, एवढंच तिला सुचलं.

जेवणं आटोपल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं बसली आणि दोघींना एकेक करून बोलावलं. आधी थोरलीला. समितीचे लोक कागद चाळत होते, बोलणं सुपरवायझरचं.

"मावशी, मीठ दोनदा पडलंय. एकदा एकीनं घातलं, ते बरोबर. दुसऱ्यांदा कोणी घातलं?"

"आम्ही पूर्वी ओरडून सांगायचो…" थोरली सांगू लागली.

"ते राहू द्या. फाईलला एक नाव लागतं. दोन नावं चालत नाहीत. दोन नावं आली तर पद्धत चुकीची ठरते, आणि पद्धत तर वरून आलेली आहे." तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं पत्र तयार आहे मावशी. फक्त सही राहिलीय."

थोरली उभीच होती. त्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, दोन रिकाम्या, पण बस कोणी म्हणालं नाही. तिनं आठवून पाहिलं. मीठ आपण घातलं, हे नक्की. मूठ आठवत होती, बरणीचं झाकण आठवत होतं. मग दुसरं धाकटीनं घातलं असणार, दुसरं कोण आहे तिथे? आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं, की मूठ आठवतेय ती भात वेळायच्या आधीची की नंतरची? की दोन्ही? पाल चुकचुकावी तसं ते आलं, आणि तिनं त्याचं तोंड तिथल्या तिथे दाबलं.

"धाकटीनं," ती म्हणाली.

‘कदाचित’ म्हणाली नाही, ‘असेल’ म्हणाली नाही. नुसतं, धाकटीनं. तिला तिथून बाहेर पडायचं होतं आणि खांदा ठणकत होता.

मग धाकटी आत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली. एप्रन काढला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. "जाते जाऊबाई," ती म्हणाली, "मोठी पातेली भिजत घातलीत. एकटीनं उचलू नका, कोणाला तरी हाक मारा." थोरलीनं मान वर केली नाही. हाक मारायला तिथे उरलं होतं कोण?

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कायम! रंगारी नवऱ्यानं पेढ्यांचा विषय काढला, तर थोरली त्याच्यावर खेकसली. महिन्याभरात ऑपरेशन झालं, उजवा हात छातीशी बांधून ती घरी आली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून धाकटी आत. हातात ताट.

तिला आता एका दवाखान्याच्या धोबीखान्यात काम मिळालं होतं, दुपारी बारापासून, चादरी पिळायचं. सकाळ मोकळी होती. ती थोरलीचे केस विंचरायची, तिला धुवायला-पुसायला मदत करायची, आणि घास भरवायची. "डाव्या हातानं खाते मी," थोरली म्हणायची. "खाता आणि अर्धं पदरावर सांडता, मग धुवायचं कोणी?" थोरली मुकाट्यानं तोंड उघडायची. हिला सगळं माहीत आहे, तिला वाटायचं, आणि माहीत असून ही मला भरवतेय. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी थोरलीच्यानं राहवलं नाही.

"कशाला करतेस एवढं माझ्यासाठी? माझ्यापायी नोकरी गेली तुझी."

"तुमच्यापायी कशाला? मी ठरवूनच आत गेले होते," धाकटी घास कालवत म्हणाली. "मला तुमचा स्वभाव काय माहीत नाही? तुम्ही आत जाऊन स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसला असणार. हाता-तोंडाशी आलेलं पत्र घालवाल, म्हटलं. म्हणून गेल्या गेल्या सांगून टाकलं, दुसरं मीठ माझं, जाऊबाई काही म्हणाल्या तरी ऐकू नका."

थोरलीला आधी काही कळेना. "पण घातलंस ना तू?"

"मी कुठली घालते?" धाकटी हसली. "मी नळाशी नाहीतर जिन्यात होते सारखी. बरणीला बोटसुद्धा लावलं नाही त्या दिवशी. तुमच्याच हातून पडलं ते दोन्ही वेळा. दमला होतात हो. माणूस आहे, होतं असं. आता त्याचं काय? आ करा."

थोरलीनं तोंड मिटून घेतलं. बांधलेला खांदा, बांधलेला हात, समोर ही बाई. गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं? सुपरवायझर काही सांगायला येणार नव्हता. पण ती जन्मभर या हातचे घास कसे गिळणार होती?

"धाकटे, मी तुझं नाव सांगितलं होतं."

"कुठे?"

"तिथेच. तुझ्या आधी. त्यानं विचारलं आणि मी सांगितलं, धाकटीनं घातलं म्हणून."

धाकटीचा हात घासासकट थांबला. "तुम्हाला खरंच वाटलं मी घातलं?"

खोटं बोलायला जागा होती. थोरली म्हणाली, "नाही माहीत. आठवतच नव्हतं मला. पत्र हवं होतं."

मग धाकटी स्वतःशीच म्हणाली, "म्हणून तो ‘जुळलं’ म्हणाला. मी माझं नाव सांगितलं तर तो खूश होऊन म्हणाला, चला, जुळलं. मला वाटलं तक्त्याशी जुळलं म्हणतोय."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला, ताट थोरलीच्या मांडीवर सरकवलं, चमचा तिच्या डाव्या हातात दिला. "खाऊन घ्या. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका." आणि हात धुऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताट दाराबाहेर स्टुलावर यायला लागलं. झाकलेलं, गरम, वेळेवर, एक दिवस चुकलं नाही. थोरलीनं दार उघडेपर्यंत तिथे कोणी नसायचं. अडीच महिन्यांनी तिचा हात खांद्याच्या वर गेला, डॉक्टर म्हणाला नशीबवान आहात. ती कामावर रुजू झाली आणि त्या दिवसापासून ताट बंद झालं. आता कधी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या, तर धाकटी भिंतीला लागून उभी राहते, नजर खाली घालते आणि थोरलीला आधी जाऊ देते, एखाद्या साहेबाला जाऊ द्यावं तशी.